आधी थांबे, मग गाडी

पिकअप घेतली की पहिला प्रश्न येतो, "काय काय बसवून घेऊ?" आणि दुसरा, "लडाखला किती दिवसांत पोचेन?" माझ्या मते दोन्ही प्रश्न उलट्या टोकाकडून विचारलेले आहेत. पहिला प्रश्न असायला हवा, "थांबायचं कुठे?" थांबे ठरले की दिवसाचं अंतर ठरतं. अंतर ठरलं की किती पाणी, किती सामान, किती कपडे हे ठरतं. आणि ते ठरलं की गाडीत काय हवं हा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो. फौजेत गाड्यांचा काफिला निघतो तेव्हा क्रम हाच असतो. कागदावर आधी हॉल्ट येतात, वेग नंतर येतो.

बेंगळुरूत हे लिहायचं कारण असं की पिकअपचं वेड इथे जवळून बघायला मिळतं. टोयोटाची हायलक्स शहराबाहेरच्या बिडदीत तयार होते. इसुझूची व्ही-क्रॉस आंध्रातल्या श्रीसिटीहून येते, म्हणजे तीही फार लांबची नाही. आयटीतली मराठी मंडळी आहेत, त्यांच्या हातात पैसा आहे आणि मनात एकदा तरी लडाख आहे. आमच्या फौजी लोकांनाही पिकअप आवडते, पण त्याचं कारण वेगळं. बदली आली की मागच्या हौद्यात चार काळ्या ट्रंका, मुलांच्या सायकली आणि कुत्र्याचं घर एकदम मावतं. बेंगळुरू ते जम्मू असं स्वतःच्या गाडीने बायकामुलांसह निघणं हे आमच्याकडे साहस नसतं, बदलीचा एक भाग असतो.

याच शहरात आर्मी सर्व्हिस कोअरचं सेंटर आणि कॉलेज आहे. फौजेची रसद आणि वाहतूक सांभाळणारे हात इथे तयार होतात. रस्त्यावर काफिल्याची वाट मोकळी करणाऱ्या मिलिटरी पोलिसांचं केंद्रही इथेच आहे. फौजेच्या गाडीवर काम करणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला तीन शब्द पाठ असतात. फर्स्ट परेड, हॉल्ट परेड, लास्ट परेड. गाडी हलायच्या आधीची तपासणी, वाटेतल्या थांब्यावरची तपासणी आणि मुक्कामाला पोचल्यावरची तपासणी. या तिघींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंचं नेमकं उलट असतं. म्हणूनच लोक वस्तू घेतात आणि परेड विसरतात.

आता गाडीकडे वळू. पिकअप ही मुळात ओझं वाहणारी गाडी. खाली चौकट, मागे कमानपाटे. रिकामा हौदा असेल तर मागची बाजू हलकी राहते, खड्ड्यात उडते आणि ओल्या रस्त्यावर लवकर घसरते. हे लक्षात आलं की लोक दुसऱ्या टोकाला जातात. छपरावर उघडणारा तंबू साठ-सत्तर किलो, लोखंडी बंपर आणि विंच तेवढंच किंवा जास्त, हौद्यात कप्पे, पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन म्हणजे चाळीस किलो. त्यात चार माणसं बसली की त्यांचेच अडीचशे-तीनशे किलो. गाडीसोबतच्या माहितीपुस्तिकेत आणि दारालगतच्या पट्टीवर किती भार चालतो ते लिहिलेलं असतं. घरी बसून एका कागदावर बेरीज करा. मी ज्यांना ज्यांना ही बेरीज करायला लावली, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या यादीतला तंबू पहिल्या पाच मिनिटांत गेला.

उरलेलं सामान कुठे ठेवायचं याचा नियम सोपा आहे. जड वस्तू खाली, केबिनच्या भिंतीला लागून, म्हणजे मागच्या आसाच्या पुढे. हलक्या वस्तू मागे आणि वर. आसाच्या मागे वजन गेलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि तुमचे दिवे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातात. ट्रंक हौद्याच्या कड्यांना पट्ट्याने बांधा, नुसती ताडपत्री टाकून भागत नाही. जोरात ब्रेक लागल्यावर न बांधलेली ट्रंक थांबत नाही.

पुढे लावायच्या लोखंडी गजांबद्दल, ज्याला सगळे बुलबार म्हणतात, एकच सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. कारण गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपून धक्का शोषण्यासाठी बनवलेला असतो आणि एअरबॅग कधी उघडायची हे त्या चेपण्यावरून ठरतं. गज लावला की ते गणित बिघडतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कंपनीने बनवलेल्या आणि मंजूर झालेल्या रचनेत मनाला येईल तसे मूलभूत बदल करता येत नाहीत. रुबाबासाठी लावलेला गज नेमका गरजेच्या वेळी आपल्याच माणसांच्या विरुद्ध जातो.

पैसे खर्च करायचेच असतील तर टायरवर करा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर म्हातारं होतं. हवा नेहमी गाडी थंड असताना, सकाळी मोजायची, कंपनीने पूर्ण भारासाठी सांगितली असेल तेवढी भरायची आणि दुपारी गरम टायरमध्ये आकडा वाढलेला दिसला म्हणून सोडायची नाही. स्टेपनीचीही हवा बघा. जॅक आणि पाना हौद्याच्या तळाशी, सगळ्या सामानाखाली गाडू नका. बेंगळुरूच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये महिनोन्महिने फिरलेल्या नव्या डिझेल गाडीच्या धूरगाळणीत काजळी साचते. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदा तुमकुरूपर्यंत मोकळ्या रस्त्यावर नेऊन आणा. त्याच फेरीत सामान भरून पाहा, म्हणजे गाडी कशी वागते ते घराजवळच कळेल.

इथवर गाडी झाली. पण लांबच्या रस्त्यावर आधी थकतो तो माणूस.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. हा सरकारी आकडा आहे. म्हणजे दिवसाला साडेचारशेच्या वर. त्यात वेग हे सगळ्यात मोठं कारण म्हणून नोंदलं जातं. झोपेची नोंद मात्र कुठल्या रकान्यात करणार? मेलेल्या ड्रायव्हरला विचारता येत नाही आणि जिवंत राहिलेला कबूल करत नाही. तरी हिशेब समजण्यासारखा आहे. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. डोळा चार सेकंद मिटला तर गाडी एकशे दहा मीटर आंधळी धावली, म्हणजे फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीपेक्षा जास्त. १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचा हात आणि डोळा रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा चालतो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर ऑफिस करून, रात्री अकराला गाडी चालवणारा माणूस हा न पिता कायद्याच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो.

आणि बेंगळुरूची मराठी माणसं गावी नेमकी अशीच जातात. गणपती, दिवाळी, लग्न. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सात वाजता निघायचं, नेलमंगलापर्यंत दोन तास रांगायचं आणि मग "रात्रीत काढू" म्हणत कोल्हापूरपर्यंत सहाशेहून जास्त किलोमीटर एका दमात मारायचे. पहाटे निपाणीच्या आसपास सगळी गाडी झोपलेली, आणि जागं राहायचं काम फक्त एका माणसाकडे. सकाळी आईच्या हातचा चहा घेताना अभिमानाने सांगायचं, "नऊ तासांत आलो." या नऊ तासांचं कौतुक करणं आपण सोडलं पाहिजे.

त्याच रस्त्यावर दुसरी योजना बसते. शुक्रवारी निघा, पण चित्रदुर्गला थांबा. बेंगळुरूपासून ते साधारण दोनशे किलोमीटरवर आहे. रात्री साडेदहा-अकरापर्यंत पोचता, झोपता. शनिवारी साडेपाचला उठून निघा. दावणगेऱ्याला लोणी डोसा, हुबळी-धारवाडला पाय मोकळे करणं, बेळगावला चहा, आणि दीड-दोनच्या सुमारास कोल्हापूर. रात्रभर गाडी मारून पोचणारा शनिवारचा दिवस झोपून काढतो. तुम्ही दुपारचं जेवण जागेपणी जेवता. घरच्यांबरोबरचा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो.

थांबे ठरवताना रस्ता कुठे बदलतो तेही बघायचं असतं. हुबळी-धारवाडचा बाह्यवळण रस्ता कित्येक वर्षं दोन पदरी होता. आजूबाजूचा महामार्ग रुंद आणि मध्येच तीस किलोमीटरची अरुंद पट्टी. १५ जानेवारी २०२१ रोजी तिथेच इटिगट्टीजवळ दावणगेऱ्याहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींच्या गाडीला टिपरची धडक बसली आणि त्यातल्या अनेक जणी गेल्या. अशा पट्टीच्या आधी थांबा घ्यायचा, नंतर नाही. घाटाच्या आधी, जंगलाच्या आधी, दुपदरी रस्त्याच्या आधी ताजं होऊन निघायचं. नकाशावर आधी या जागांना खुणा करा, हॉटेलं नंतर शोधा.

आता लडाखचा हिशेब. बेंगळुरूहून कर्नूल, हैदराबाद, नागपूर, सागर, झाशी, आग्रा, दिल्ली ओलांडून जम्मूपर्यंतचा रस्ता म्हणजे बहुतांशी राष्ट्रीय महामार्ग ४४. अंतर पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. दिवसाला साडेचारशे किलोमीटर किंवा हातात स्टिअरिंगचे आठ तास, यातलं जे आधी संपेल ते माझं बंधन. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं खाली उतरणं, आणि अंधार पडायच्या तासभर आधी मुक्काम. तासभर आधी कशासाठी? कारण लास्ट परेडला उजेड लागतो. तेल-पाणी बघायचं, डिझेल भरायचं, टायरात रुतलेले खडे-खिळे बघायचे, काच पुसायची. सकाळी पंक्चर चाक दिसणं आणि आदल्या संध्याकाळी दिसणं यात अर्ध्या दिवसाचा फरक असतो.

या हिशेबाने पहिला मुक्काम कर्नूलच्या थोडं पुढे, दुसरा आदिलाबादला, तिसरा नागपूरला. आदिलाबाद ते नागपूर दोनशे किलोमीटरही भरत नाहीत, पण ते मुद्दाम. तिसऱ्या दिवशी अर्धा दिवस गाडीला आणि माणसाला द्यायचा. नागपूरला प्रत्येक कंपनीचं वर्कशॉप आहे आणि मराठीत तक्रार करता येईल असं त्या रस्त्यावरचं ते शेवटचं मोठं शहर. पुढे पेंचच्या जंगलातून रस्ता जातो. तिथे वन्य प्राण्यांना खालून जाण्यासाठी महामार्ग उचलून पूल बांधलेत, त्यातला एक साडेसातशे मीटरचा आहे. ते दिवसाउजेडी बघत जा. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर हॉल्ट परेड. चारही चाकांच्या मध्यापाशी हाताची मागची बाजू न टेकवता जवळ नेऊन बघायची. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. बांधलेले पट्टे ओढून बघायचे, गाडीखाली थेंब पडलाय का बघायचं. पाच मिनिटं लागतात.

जम्मूनंतर थांब्यांचं कारण बदलतं. आता किलोमीटर मोजून चालत नाही, उंची मोजावी लागते. श्रीनगर सोळाशे मीटरवर, कारगिल पावणेसत्तावीसशेवर, लेह साडेतीन हजारांवर. ही चढण शरीराला समजते. मनालीकडून जाणारे मात्र दोन हजार मीटरवरून निघून अटल बोगद्यातून पलीकडे जातात आणि पुष्कळदा त्याच रात्री सरचूच्या तंबूत झोपतात. सरचू बेचाळीसशे मीटरच्या वर आहे. तीन हजार मीटरच्या पुढे झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. इथे एका दिवसात बावीसशे मीटर. डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात आणि पुढे याहून वाईटही होतं. फौजेत नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यात नव्या माणसाला सहा दिवस सरावाला दिले जातात. तो विशीतला, रोज धावणारा जवान असतो. पंचेचाळिशीतल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला पिकअपच्या मोठ्या इंजिनाने उंचीवर काही सवलत मिळत नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "सर, सुट्टी दहाच दिवसांची आहे." मान्य. मग ठिकाण कमी करा, थांबे कमी करू नका. वरच्या हिशेबाने लेहला पोचायलाच नऊ-दहा दिवस लागतात, जाऊन-येऊन तीन आठवडे. दहा दिवसांत नागपूर, पेंच, पचमढी करून सुखाने परत येता येतं. लडाखच हवं असेल तर विमानाने जा, पहिले दोन दिवस लेहमध्ये स्वस्थ पडा आणि तिथली गाडी, तिथला ड्रायव्हर घ्या. पिकअप घरी उभी राहिली म्हणून तिचा अपमान होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. फौजेच्या गाड्यांनाही अपघात होतात. २३ डिसेंबर २०२२ रोजी उत्तर सिक्कीममधल्या झेमा इथे लष्कराचा ट्रक वळणावरून दरीत गेला आणि सोळा जण गेले. शिस्त डोंगराला सपाट करत नाही. पण तिथे जाणं हे आमचं काम आहे, पर्याय नसतो. सहलीला निघालेल्या माणसाकडे प्रत्येक तासाला पर्याय असतो, आणि तो वापरला नाही तर त्याची किंमत मागच्या सीटवर झोपलेली मुलं देतात.

काफिल्यातला आणखी एक नियम घरात आणण्यासारखा आहे. ड्रायव्हरशेजारी बसलेला माणूस झोपत नाही. त्याचं काम रस्ता बघणं, वेळ बघणं आणि ड्रायव्हरचा चेहरा बघणं. तो "थांब" म्हणाला की वाद नाही. आपल्या घरांत शेजारच्या सीटवर बहुधा बायको असते. तिला गाडी चालवता येत असते, पण महामार्गावर स्टिअरिंग तिच्या हाती दिलं जात नाही. "मी दमलो नाही" हे वाक्य मी दमलेल्या पुरुषांकडूनच जास्त ऐकलंय. तुमकुरूच्या सरावफेरीत अर्धं अंतर तिने चालवलं पाहिजे, आणि थांबा जाहीर करायचा हक्क तिचा असला पाहिजे.

हे सगळं खाजगी गाडीवाल्यांपुरतं लिहिलं, पण प्रश्न तेवढाच नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा होता. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला साधारण आठ तासांचं काम, हे त्यात तेव्हापासून लिहिलेलं होतं. पण ट्रकवाल्याने तो अर्धा तास घ्यायचा कुठे? समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, तेव्हा वाटेत थांबायच्या सोयी जवळजवळ नव्हत्या. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस जण गेले. त्या अपघाताच्या कारणावरून वाद झाला, त्यात मी पडत नाही. पण पाचशे किलोमीटरचा सरळ रस्ता थांब्यांशिवाय खुला करायचा आणि मग लोकांनी विश्रांती घ्यावी अशी अपेक्षा धरायची, हे मला कळत नाही. सोय नसली की ट्रक कडेला अंधारात उभा राहतो आणि मागून येणारी पेंगुळलेली गाडी त्याच्यावर आदळते. रस्त्याच्या अंदाजपत्रकात डांबर-काँक्रीटइतकंच थांब्याला स्थान हवं, आणि थांबा तयार नसेल तर रस्ता पूर्ण झाला असं म्हणू नये.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. निघायच्या आदल्या दिवशी सामान दुपारपर्यंत भरून संपवा आणि रात्री नऊला झोपा. एका कागदावर दिवस, थांबे, मुक्काम आणि त्या मुक्कामाजवळचं रुग्णालय लिहा. एक प्रत गाडीत, एक घरी. आणि पोचल्यावर कुणी "किती तासांत आलास?" असं विचारलं, तर तासांचा आकडा सांगू नका. कुठे कुठे थांबलात ते सांगा.